धूर न सोडणारं जहाज

मुलांनो, डोळे मिटा आणि जराही काळा धूर न सोडणारं जहाज मनात आणा. शाल्मलीचे बाबा त्याचं अमोनियावर चालणारं इंजिन वर्षानुवर्षं तपासत होते. उद्या ते जहाज पहिल्यांदा समुद्रात जाणार होतं.

"पण अमोनिया विषारी ना?" शाल्मलीने विचारलं.

"हो. म्हणून तर तुझ्या बाबाचं नाक हवं!" बाबा म्हणाले. "गळती झाली की धोक्याची घंटा वाजवणाऱ्या यंत्राआधी तेच ओरडतं."

त्यांच्या पाठीमागे शेगडीवर दूध करपत होतं. वास घरभर सुटला होता.

"बाबा, दूध! वास नाही आला?"

बाबांचा चेहरा उतरला. "चाचण्यांत अमोनिया हुंगून हुंगून नाकच गेलं, राणी. कप्तानकाकांना सांगू नकोस. मला जहाजावर घेणार नाहीत. आयुष्य घातलंय गं त्यात."

शाल्मलीने शेगडी बंद केली, बाबांना घट्ट मिठी मारली आणि रडतरडतच, त्यांच्यासमोर, कप्तानकाकांना फोन लावला.