पंपाच्या पोटात

रत्नपालचा फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा अल्का मॅडमनी खडू खाली ठेवला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकलच्या पोरांना, त्या तांत्रिक संवाद शिकवत होत्या.

"उचल. पण मग सगळ्यांना ऐकव."

रत्नपालचे कान गरम झाले. त्याने स्पीकर लावला. मुर्री गावच्या शेतातून त्याची माय, भागीरथा, ओरडून बोलत होती.

"रत्न्या, मशीन नुसती घुमून राहिली. पाणी येऊन नाई राहिलं. धानाचे परे वाळून चालले. तुहा बाप तिरोड्याले गेला, अन् अकराले लाइन जाते!"

भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते; वीज जायला वीसच मिनिटं उरली होती.

"हवा अडकली असंल, माय. प्रायमिंग कर."

"का कर म्हणतं?"

वर्ग हसला. "काकू, केसिंगमध्ये पाणी भरा," अतुल मागून ओरडला.

"कायच्यात?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "तिच्यासमोर काय आहे, ते आधी तिलाच विचार ना."

रत्नपालने डोळे मिटले. "माय, पहिले बटन बंद कर. आता सांग, का दिसते?"

"घोंग्यासारखं गोल लोखंड. वरतं एक बूच हाये."

"तेच. ते खोल. लोट्यानं पाणी ओत. बुडबुडे थांबले का सांग."

आता कोणी हसेना. चाळीस जण फोनमधलं पाणी ऐकत होते. डुबुक, डुबुक. मग काहीच नाही.

"भरलं. काठोकाठ."

"पाणी खाली तर नाई उतरत?"

"नाई."

"बूच घट्ट लाव. आता दाब बटन."

घरघर सुरू झाली, हळूहळू जड झाली, आणि तिच्यामागून पाणी धबाधबा कोसळलं. पोरांनी बाकं बडवली. रत्नपाल फोन ठेवणार, तेवढ्यात भागीरथा म्हणाली,

"पण काऊन रे? पाणी ओढाची मशीन, अन् तिलेच आधी पाणी पाजा लागते?"

याच प्रश्नाला मागच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण होते.

"हवेची घनता कमी असते, माय. म्हणून दाब..." तो थांबला. ही ओळ त्याने कितीदा लिहिली होती. पण आतलं चाक फिरतं कसं, पाणी धरतं आणि हवा सोडतं कसं, हे काही केल्या डोळ्यांसमोर येईना. त्याने मॅडमकडे पाहिलं. त्या इंग्रजीच्या शिक्षिका; त्याही उत्तरासाठी कान देऊन उभ्या होत्या.

"माय, म्या आतून पाहिलंच नाई कधी," तो म्हणाला.

भागीरथाने पाण्याच्या आवाजावरून ओरडून सांगितलं,

"मंग सांजच्याला लौकर ये. लाइन नसते तवा खोलून पाहू. पाना कोणत्या नंबरचा लागंल, तेवढं सांग. काढून ठेवते."