तिसऱ्या पुलामागची खुर्ची

"आठ दिवसांची सहल आता सहा दिवसांची झालीय. एक शहर उडवा," असं म्हणून मालकीणबाईंनी पाच नावांचा कागद चिनीकाकांच्या टेबलावर ठेवला.

बीजिंग, शांघाय, शिआन, ग्वेलिन, सुझोऊ. पुस्तिका दुपारीच छापायला जायची होती.

सहल कंपनीत चीनची माहितीपुस्तिका लिहून लिहून त्यांना 'चिनीकाका' हे नाव पडलं होतं. शिआनच्या तटावर सायकल कुठे भाड्याने मिळते, ग्वेलिनच्या होडीत कोणत्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः ते चीनला कधीच गेले नव्हते. कंपनी ग्राहकांना पाठवते, लिहिणाऱ्याला कशाला पाठवेल? त्यांचा पासपोर्ट कोरा करकरीत होता.

बीजिंग उडवणं शक्य नव्हतं, लोक भिंतीसाठीच येतात. शांघायला विमान उतरतं. शिआनचे मातीचे सैनिक पोरांना हवेत आणि ग्वेलिनचे डोंगर मुखपृष्ठावर आहेत. उरलं सुझोऊ. इतकं सोपं असूनही काकांची पेन्सिल अडली, कारण सुझोऊ म्हणजे त्या बाई.

चार वर्षांपूर्वी त्यांचा ई-मेल आला होता. "तुमची पुस्तिका वाचली. एकाच शहरात बरेच दिवस काढायचे असतील, तर तुम्ही कोणतं निवडाल?"

तुम्ही काय निवडाल, असं काकांना बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी वाढदिवसाला फोन करायची आणि जेवलात का, एवढं विचारून ठेवायची. काकांनी बाईंना चांगलं दोन पानी उत्तर लिहिलं. सुझोऊच निवडा. तिथले कालवे, दगडी पूल, आणि पुस्तिकेत लिहिलेली ती चहावाली. जुन्या कालव्यावर तिसऱ्या पुलामागे ती दारात वेताच्या दोन खुर्च्या मांडून बसते, एक स्वतःला आणि एक येईल त्याला.

वर्षभराने बाईंनी कळवलं, "आज तिसऱ्या पुलामागे खुर्चीत बसले. वेत टोचतो. एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागते."

काकांना आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तिथे चहावाली नव्हतीच.

या धंद्यात सगळेच एकमेकांचं बिनदिक्कत उतरवून काढतात. म्हणून प्रत्येक शहरात एक खोटी गोष्ट पेरून ठेवायची, हा काकांचा शिरस्ता. ती दुसऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत उगवली की चोर सापडला. बीजिंगमध्ये त्यांनी एक तीनचाकीवरचा न्हावी पेरला होता, सुझोऊमध्ये चहावाली.

म्हणजे बाई तिकडे गेल्याच नव्हत्या. कुठेतरी खोलीत बसून त्याही त्यांच्यासारख्याच चीनच्या थापा मारत होत्या. काकांनी ते उघड केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्या-दोन महिन्यांनी दोन ओळी येत राहिल्या. "आज पाणी हिरवं झालंय. कोणी आलं नाही." "आज एक जोडपं आलं होतं. बायको फार बोलकी, तासभर उठली नाही." काका रविवारी त्या ओळी पुन्हा वाचायचे आणि उत्तर लिहिण्यात त्यांची दुपार बरी जायची.

सहलीहून परतलेले प्रवासीही कधीमधी अभिप्रायात लिहायचे, "चहावाली गप्पिष्ट आहे, मजा आली." काका त्याने हुरळत नसत. लोक पुस्तिकेत वाचलेलं पाहून आलो म्हणून ठोकून देतात, हे वीस वर्षांत ते शिकले होते.

आज मात्र कागदासमोर बसल्यावर त्यांना या सगळ्याचा वीट आला. चार वर्षं आपण एका थापेशी गप्पा मारतोय, आणि त्याच आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात खऱ्या गप्पा आहेत! त्यांना त्या बाई हव्या होत्या, समोर बसलेल्या, हाडामांसाच्या.

त्यांनी सुझोऊवर काट मारली. मग ई-मेल उघडून लिहिलं:

"बाई, ती चहावाली मी रचलेली आहे. तुम्ही तिकडे गेला नाहीत, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. राग अजिबात नाही. मी तरी कुठे गेलोय? आता खोट्या खुर्चीत बसणं पुरे. कुठे राहता ते सांगा, मी भेटायला येतो."

पाठवल्यावर त्यांचे कान गरम झाले. या वयात हे काय, असं वाटलं आणि बरंही वाटलं.

"कुठलं उडवलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सुझोऊ."

"झकास. प्रती भरपूर काढायला सांगते. म्हणजे तीन वर्षं पुन्हा छापायला नको."

दुपारी पुस्तिका छापायला गेली. दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. यंत्रं सुरू झाल्याचा निरोप छापखान्याकडून आला, आणि थोड्या वेळाने बाईंचं उत्तर.

"तुम्ही तिला रचलंत, हे मला केव्हाच कळलंय. सहा महिने मी एकेक पूल पालथा घातला होता. तुमचं पत्र वाचून मीच यांना नोकरीसाठी हे शहर घ्यायला लावलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात हे वारले. परत जाऊ तरी कोणाकडे? मग तिसऱ्या पुलामागे एक खोली घेतली आणि वेताच्या दोन खुर्च्या मीच दारात मांडल्या. तुमची पुस्तिका हातात धरून आजवर एकतीस जण येऊन बसून गेले. आपल्या भाषेत बोलायला मला तेवढेच मिळतात. तुम्ही येतो म्हणालात, जरूर या. नाही जमलं, तर एवढंच करा, नव्या पुस्तिकेत सुझोऊ राहू द्या."