कूलरची हवा

बाबांनी जुन्या बसचं फिरतं घर केलं, तेव्हा आईनं बजावलं होतं, "एकच प्रवास करीन. नाही जमलं, तर मी कायमची माहेरी."

आणि आता वर्ध्याच्या मे महिन्यात, रत्नागिरीच्या बाबांनी आयुष्यातला पहिला कूलर लावून सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या होत्या. आई, बाबा आणि ईश्वरी, तिघं आत मोदकांसारखी उकडत होती! "हा उकाडा मला नाही जमायचा," म्हणत आईनं पिशवीही भरली होती.

रस घेऊन दारात आलेल्या रसवंतीवाल्या काकू खदखदून हसल्या. "अहो भाऊ, एसी होय का हा? कूलरले खिडकी उघडी लागते ना!"

ईश्वरीनं धडाधड खिडक्या उघडल्या. अशी गार झुळूक आली म्हणता! आईनंही डोळे मिटले. "छान वाटतंय गं." जिंकलो! ईश्वरीनं बाबांना डोळा मारला.

आईनं मात्र पिशवी उचलली. "मला स्टेशनवर सोडा," ती शांतपणे बाबांना म्हणाली. "उकाडा हे नुसतं निमित्त होतं हो."