पुसलेली सायकल

डॉक्टरांनी ह्यांना रोज सायकल चालवायला सांगितली, तर ह्यांनी आधी ती पुसायचा स्प्रे शोधायला घेतला. निसर्गाला अपाय नको आणि रिकामी बाटली पुन्हा भरून मिळायला हवी. ह्यातच पावसाळा सरला.

स्प्रे आला आणि रोज सकाळी पाटावर बसून चाकाच्या तारा पुसणं सुरू झालं. चालवणं मात्र उद्यापासून. दसऱ्याला तर सायकलला झेंडूची माळ घातली, पेढ्याचा नैवेद्य दाखवला आणि पेढा स्वतःच खाल्ला.

आज स्प्रे संपला. "बाटली भरून आणतो," म्हणत ह्यांनी कारची किल्ली उचलली.

"अहो, सायकलनं जा की!"

"आत्ताच पुसलीय. मळेल ना!"

कार गेली. मी ओढणी कमरेला खोचली आणि ह्यांच्या शुगरचा रिपोर्ट आणायला त्या चकचकीत सायकलवर टांग मारली.