टाकलेले पत्ते

धर्मशाळेच्या चटईवर निरंजनने आपल्या सगळ्या आगकाड्या पुढे सरकवल्या. डाव पैशांचा नव्हता. शेजारच्या दवाखान्यात ताई होती. किडनी दोघाही भावांची जुळत होती आणि शेवटचा डाव हरेल त्याने ती द्यायची, असं ठरलं होतं. पोकर सुचवला निरंजननेच. कम्प्युटरवर त्याने वर्षानुवर्षं त्याचं गणित घोटलं होतं. धाकटा जयवंत नुसता हौशी.

आत्ता हातात काहीच नव्हतं, पण अशा वेळी दडपून बोली लावावी, समोरचा घाबरून पत्ते टाकतो, असं गणित सांगत होतं. जयवंतने पत्ते पालथे टाकले.

"हरलो, दादा."

पत्ते गोळा करताना निरंजनने ते उलटून पाहिले. तीन राजे होते.

"हे टाकलेस?"

"तुझा हात केवढा कापतोय," जयवंत म्हणाला. "जिंकून मी काय करू?"

समोरचाही जिंकायलाच बसलाय, हे त्या गणितात गृहीत होतं. 'मी देतो' म्हणायला निरंजनने तोंड उघडलं, मग मिटून तो आगकाड्या पेटीत भरू लागला.

ताई वाचली. जयवंत ऑपरेशननंतर शुद्धीवर आलाच नाही.

"नशीब एकेकाचं," तेराव्याला पाहुणे म्हणाले. निरंजनने मान डोलावली.