तारेखालची जागा

जाड तार छेडली की सूर निघायचा आणि निघाल्या निघाल्या डुगडुगायला लागायचा. ज्योत्स्ना मांडीवर इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसली होती. नवरा, राजरत्न, समोर स्क्रूड्रायव्हर हातात धरून.

"गेला का?" त्याने विचारलं.

"हलतोय."

सकाळपासून हेच चाललं होतं. तारा नव्या घातल्या. वायर बदलली. मग दोष विजेवर गेला. शेजारी सोनीबाईंची चक्की सुरू झाली की निरगुडसरातले बल्ब थरथरतात, तिथं गिटारचं काय, असं राजरत्नचं म्हणणं. बिचाऱ्या सोनीबाईंनी चक्की बंद ठेवली. दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन ओट्यावर बसून राहिल्या. सूर हलायचा तो हललाच.

संध्याकाळी पेठला भीमगीतांचा कार्यक्रम होता. पार्टी सुभाषची. मागच्या कार्यक्रमानंतर सुभाषने राजरत्नला बाजूला घेतलं होतं. भाऊ, तुमची गिटार रडती, गाणारा एकीकडं जातो अन् गिटार दुसरीकडं, असं म्हणाला. आज निघायच्या आधी तो घरी येऊन ऐकणार होता. सूर तसाच असला तर यापुढे गिटारचं काम कीबोर्डवर भागवायचं, हेही सांगून गेला होता. वाईट बोलला नाही. आपल्या माणसाला काढायचं असलं की बोलतात तसं, तब्येतीची चौकशी करत बोलला.

"तूच सांग काय ते," राजरत्न म्हणत होता. "माझे कान सरावलेत. मला फरक कळत न्हाई."

ज्योत्स्नाला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. इतकी वर्षं तिने गिटारवरची धूळ पुसली होती आणि जयंतीच्या महिन्यात नवरा गिटारला देऊन टाकला होता, एवढाच काय तो संबंध. पण एक गोष्ट तिने पाहिलेली होती. नव्या पोरांची गिटार हातात आली की राजरत्न आधी खिशातून रुपयाची दोन नाणी काढायचा. तारांखाली आवाज उचलणारी काळी पट्टी असते, पिकअप, तिच्यावर ती एकावर एक ठेवायचा. वरच्या तारेला नाणं लागता कामा नये. पट्टीत लोहचुंबक असतं. फार जवळ आलं की ते तारेला ओढतं, मग तार मोकळी हलत नाही अन् सूर डुगडुगतो. हे तो प्रत्येक पोराला सांगायचा. पोरं मान डोलवायची.

तिने फडताळातून रुपयाची दोन नाणी आणली. गिटार परत मांडीवर घेतली.

"अहो, इथं तर एक बी जाईना."

राजरत्न नाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, पार्टीतला रामदास बेंजोचं पिकअप असंच तारांना भिडवतो, कसा खणखणीत आवाज येतो त्याचा.

"त्यो बेंजो हाय. ही पट्टी तुमी वर घेतली?"

"थोडी थोडी."

"का पण?"

"आवाज कमी यायला लागला, तसतशी."

आवाज कमी आल्याचं ज्योत्स्नाला आठवेना. सोनीबाईंनाही आठवलं नसतं. तिने त्याच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचे स्क्रू उलटे फिरवत गेली. पट्टी खाली बसली. दोन्ही नाणी सुखाने आत गेली. ती काढून घेतली आणि तार छेडली.

सूर आला. सरळ, भरलेला, कुठंही न डळमळता लांबपर्यंत गेला. ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. ज्योत्स्नाला एकटीलाच हसू आलं. येऊ दे आता सुभाषला, तिला वाटलं.

राजरत्न तिच्याकडे बघत होता.

"वाजव की," तो म्हणाला.

तार अजून थरथरत होती. त्याला ते दिसलं. त्याने वाकून तारेवर बोट ठेवलं. सूर थांबला.

ज्योत्स्नाने अॅम्प्लिफायरकडे नजर टाकली. आवाजाचं बटण आधीच शेवटाला टेकलेलं होतं. कधीपासून, कोण जाणे.

"वर घे परत," तो म्हणाला.

ती त्याच्याजवळ सरकली आणि तोंड त्याच्या कानाशी नेऊन म्हणाली की सुभाष येतोय, त्याला हाच सूर पाहिजे.

"सुभाषचं काय अडलंय. त्याला दोन्ही ऐकू येत्यात," राजरत्न म्हणाला. "मला हा येतच न्हाई. मग मी बोट ठेवू कुठं?"

तिने स्क्रू सुलटा फिरवला. तार छेडली. त्याचा चेहरा तसाच. अजून एक फेरा. सूर जाड झाला. अजून एक. सूर कडेने फाटला आणि मग डुगडुगायला लागला, सकाळचाच. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून लावत होती.

"हां," तो म्हणाला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. "आता कसा सरळ आला."

त्याच्या पाठीमागे, दारात, सुभाष उभा होता. आत यायला त्याने एक चप्पल काढलेली होती. ज्योत्स्नाने वर पाहिलं, तसा त्याने हळूच पाय परत चपलेत सरकवला.