सकाळचं प्रॅक्टिकल

"मुलींच्या महाविद्यालयातली विज्ञान शाखा बंद करू," कुलगुरू बैठकीत म्हणाले. "प्रवेशच होत नाहीत."

कुलसचिव सुलभा झाडबुके नुकत्याच गावोगाव फिरून आल्या होत्या. "सर, मुलींना शिकायचंय. पण प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते. म्हणून घरचे पाठवत नाहीत."

"एसटीवाल्यांना सांगा."

"सांगून झालं. आता आपणच वेळ बदलू. प्रॅक्टिकल सकाळी सातला."

"इतक्या सकाळी शिकवणार कोण?"

"मी. अजून केमिस्ट्री विसरले नाहीये."

कुलगुरू हसले. "बरं, एक वर्ष बघू."

जुलैत सकाळच्या एसटीतून मुली उतरल्या, तेव्हा झाडबुके मॅडम अ‍ॅप्रन घालून प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. मुली आत येतच राहिल्या. मॅडमनी तिथूनच कुलगुरूंना फोन लावला.

"सर, स्टुलं पाठवा."

"किती?"

"आहेत तेवढीच आणखी."